फुटलेल्या रॅकेटचा फोटो आणि मधले 25 सेकंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावर टेनिसपटूच्या नावाआधी स्वभावाचं एक विशेषण चिकटवायची पद्धत पडून गेली आहे. सिनर 'बर्फासारखा थंड', मेदवेदेव 'तापट', अल्काराझ 'हसतमुख', जोकोविच 'जिद्दी'. पत्रिकेत गण आणि नाडी लिहावी तसं, एकदा लिहिलं की संपलं. यातलं अगदीच खोटं काही नाही. पण त्यातून खेळ कळत नाही, आणि इंदुरातल्या ज्या घरांतून पोरं सकाळी सहाला रॅकेटची बॅग पाठीला लावून निघतात, त्या घरांत त्याचा भलताच अर्थ लागतो. 'आमचा चिडका आहे हो, याला टेनिस कसलं जमतंय', नाहीतर 'आमची फार शांत, तिच्यात ती आगच नाही'. कोर्टाच्या जाळीबाहेर पालकांच्या खुर्च्यांवर ही दोन्ही वाक्यं रोज ऐकू येतात. दोन्ही चूक आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

थंड डोक्याची उदाहरणं म्हणून ज्यांची नावं नेहमी घेतली जातात त्यांच्यापासूनच सुरुवात करू. ब्यॉन बोर्ग लहानपणी इतका आदळआपट करायचा की त्याला काही महिने खेळण्यापासून लांब ठेवलं होतं. फेडररनं कुमार वयात किती रॅकेटी मोडल्या याचा हिशेब नसेल. 2001 साली हॅम्बुर्गला पहिल्याच फेरीत स्क्विलारीकडून हरल्यावर त्यानं रॅकेट आपटली आणि तिथून पुढे स्वतःला आवरायचं ठरवलं. विम्बल्डनचं पहिलं विजेतेपद 2003 चं, म्हणजे मधे दोन वर्षं गेली. आवरल्यावरही तो पुतळा झाला नव्हता. 2009 मध्ये मायामीला जोकोविचविरुद्ध त्यानं रॅकेट फोडलीच. उलट बाजूला मॅकेन्रो. पंचांवर ओरडणारा म्हणून जगभर गाजलेला हा माणूस 1980 च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात बोर्गसमोर शहाण्या मुलासारखा वागला. प्रेक्षकांनी आत येतानाच त्याची हुर्यो उडवली होती, चौथ्या सेटचा टायब्रेक (6-6 बरोबरीनंतरचा निर्णायक गेम) 18-16 पर्यंत ताणला, पाचवा सेट 8-6 असा हातातून गेला, तरी आवाज नाही. म्हणजे लगाम त्याच्याही हातात होता. कधी खेचायचा आणि कधी सोडायचा, हे तो ठरवत होता.

आता आकड्यांचं बघू. 2024 च्या जूनमध्ये डार्टमथ विद्यापीठातल्या भाषणात फेडररनं स्वतःचाच हिशेब मांडला. 1,526 एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ 80 टक्के जिंकले, पण त्यांतले पॉइंट जिंकले फक्त 54 टक्के. इतका मोठा खेळाडू जवळपास दर दुसरा पॉइंट हरतो. त्यामुळे पॉइंट हरल्यावर तुम्ही काय करता, हा टेनिसचा अर्धा अभ्यासक्रम झाला. आणि तो अर्धा भाग चेंडू थांबलेला असताना होतो. चार-पाच फटक्यांचा पॉइंट सहा-सात सेकंदांत आटोपतो. पुढच्या सर्व्हिसपर्यंत मिळतात 25 सेकंद. बाजू बदलताना 90, सेट संपल्यावर 120. टीव्हीवर याच वेळात रिप्ले दाखवतात, म्हणून आपल्याला वाटतं इथे काही घडत नाही.

त्या 25 सेकंदांत चांगला खेळाडू काय करतो ते एकदा रिप्लेकडे दुर्लक्ष करून, किंवा प्रत्यक्ष कोर्टाशेजारी बसून बघावं. चेंडू बाहेर गेला की तीन-चार सेकंदांत तो जाळीकडे पाठ फिरवतो आणि रॅकेट दुसऱ्या हातात घेतो. हे साधं वाटतं, पण त्यामुळे ज्या हातानं चूक झाली त्याची मूठ सुटते, मनगट आणि खांदा सैल पडतो. मग मागच्या भिंतीकडे चालत जाणं, टॉवेल, तारा बोटांनी सरळ करणं. तारा काही फार वाकड्या झालेल्या नसतात. नजर कुठेतरी गुंतवायची असते, कारण ती मोकळी राहिली की प्रेक्षकांत, प्रशिक्षकाच्या खुर्चीकडे, गुणफलकाकडे भिरभिरते. लांब श्वास बाहेर. दहा-बारा सेकंद उरले की एकच प्रश्न: पुढची सर्व्हिस कुठे, आणि ती परत आली तर पहिला फटका कुठे. शेवटी ठरलेल्या संख्येनं चेंडू आपटणं आणि टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर उडवणं. अमेरिकी क्रीडा मानसशास्त्रज्ञ जिम लोहर यांनी अव्वल खेळाडूंच्या पॉइंटमधल्या वेळेचं निरीक्षण करून हेच चार टप्पे मांडले होते: अंगाची प्रतिक्रिया, सैल होणं, ठरवणं, ठरलेला विधी. नदालच्या बाटल्यांची रांग आणि कोर्टाकडे वळवलेली लेबलं यांना आपण 'अंधश्रद्धा' म्हणून हसलो, पण तोही या चौथ्या टप्प्याचाच विस्तार होता. आख्ख्या व्यावसायिक कारकिर्दीत रागानं एकही रॅकेट न फोडलेला माणूस आहे तो. त्याचं श्रेय रक्ताला द्यायचं की रॅकेट फेकू न देणाऱ्या त्याच्या काका-प्रशिक्षक टोनींना, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

हा क्रम चुकला की काय होतं ते कुमार स्पर्धेत दहा मिनिटांत दिसतं. डबल फॉल्ट झाला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट गेला, की पोरगं घाईघाईनं दुसऱ्या बाजूला जाऊन आठ-दहा सेकंदांतच पुढची सर्व्हिस करतं, जणू लवकर केली की मागची पुसली जाईल. मूठ आवळलेली असते. प्रशिक्षक पकडीला दहापैकी गुण देतात. चेंडू लागायच्या आधी ती तीन-चारवर हवी, ती आठवर गेलेली असते. आवळलेल्या मुठीत मनगट फिरत नाही, रॅकेटचं तोंड उघडं राहतं आणि चेंडू लांब जातो. टॉसचा हात कोपरात वाकतो, चेंडू बोटांनी उडवला जातो आणि डोक्यामागे पडतो, म्हणजे पुन्हा लांब. मग पुढच्या वेळी भीतीपोटी टॉस खाली ठेवला की नेटमध्ये. बाहेरून बाबा ओरडतात, 'टेन्शन घेऊ नको!' हे ऐकून ज्याचं टेन्शन गेलं असा मुलगा अजून जन्मायचा आहे. त्याऐवजी तीन गोष्टी सांगता येतात: रॅकेट डाव्या हातात घे, मागच्या जाळीला हात लावून ये, टॉसच्या आधी श्वास सोड. पण त्या सरावात सांगायच्या. सामना चालू असताना बाहेरून काही सांगण्यापूर्वी त्या स्पर्धेत कोचिंगला परवानगी आहे का ते पाहावं, नाहीतर ताकीद मुलाला मिळते.

आता माझा मुख्य मुद्दा, ज्यावर आपल्या पानात जवळपास कधीच लिहून येत नाही. धीर बऱ्याचदा हातातल्या फटक्यातून येतो. 2022 साली सबालेंका एकेका सामन्यात ढिगानं डबल फॉल्ट करत होती. सगळीकडे एकच निदान: मनानं कच्ची. तिनं त्या वर्षी जैवयांत्रिकीच्या, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या, प्रशिक्षकाकडून सर्व्हिसची रचनाच दुरुस्त करून घेतली आणि 2023 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. सर्व्हिस सुधारली तशी मनाची चर्चाही थांबली. तीच गोष्ट फेडररची. नदालचा डावखुरा टॉपस्पिन (मोजणी झालेल्या फोरहँडांत सरासरी मिनिटाला 3,200 फेऱ्यांच्या आसपास) उसळून फेडररच्या एकहाती बॅकहँडला खांद्याच्या उंचीवर यायचा, आणि तिथून एका हातानं जोर लावताच येत नाही. वर्षानुवर्षं लिहिलं गेलं की नदालसमोर त्याचं मन खचतं. फेडररनं 90 चौरस इंचांची रॅकेट सोडून 97 ची घेतली, बेसलाइनवरून (कोर्टाच्या मागच्या रेषेवरून) मागे न हटता चेंडू पुरता उसळण्याआधीच, वर चढतानाच मारायला सुरुवात केली, आणि 2017 च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये 1-3 असा मागे असताना सलग पाच गेम घेतले. वय 35. मन तेच होतं. मोठ्या रॅकेटमुळे चुकीच्या ठिकाणी लागलेला चेंडूही आत पडेल हा भरवसा नवा होता.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती तितकी सुखाची नाही. 2019 च्या विम्बल्डनमध्ये पाचव्या सेटला 8-7, 40-15 असताना फेडररकडे विजेतेपदाचे दोन पॉइंट होते. पहिल्यावर फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर तो नेटकडे धावला आणि जोकोविचनं क्रॉसकोर्ट पास मारला. त्या सामन्यात फेडररनं 218 पॉइंट जिंकले, जोकोविचनं 204. पण तिन्ही टायब्रेक जोकोविचचे. जोकोविच तर अजिबात शांत नाही. रॅकेट फोडतो, स्वतःच्याच लोकांकडे बघून ओरडतो, छाती पिटतो. वादळ त्याच्याही डोक्यात असतं, पण बहुतेक वेळा पुढच्या टॉसपर्यंत ते उरलेलं नसतं. राग येणं आणि राग मुक्कामाला राहणं यांतला फरक शिकायचा तर त्याच्याकडून. आपल्याकडे लिएँडर पेस तसाच. एकेरीचा क्रमांक बेताचा, पण डेव्हिस कपमध्ये 1995 ला दिल्लीच्या गवतावर इव्हानिसेविचविरुद्ध दोन सेट मागे पडून जिंकला. ओरडणं, उड्या, मूठ वर, सगळं साग्रसंगीत. आणि दुसऱ्या टोकाला रमेश कृष्णन: सर्व्हिस अशी की पोरं हसतील, चेहऱ्यावर रेष नाही, पण चेंडू हातानं ठेवल्यासारखा कोपऱ्यात. दोघं एकाच देशाकडून खेळले. कुणाचा स्वभाव बरोबर, सांगा.

रागाची किंमत मात्र पैशांत आणि पॉइंटांत मोजायला हवी, उपदेशात नको. आचारसंहितेची पायरी सरळ आहे: पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा पॉइंट जातो, तिसऱ्यांदा गेम, पुढे हकालपट्टी. 1990 मध्ये ही शिडी एका पायरीनं आखूड केली होती आणि मॅकेन्रोला ते लक्षात नव्हतं. ऑस्ट्रेलियन ओपनच्या चौथ्या फेरीत पेर्नफोर्सविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असा पुढे असताना तो बाद झाला. अजून एक पायरी शिल्लक आहे असं त्याला वाटत होतं. 2018 च्या अमेरिकन ओपन अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सची ताकीद, पॉइंट आणि गेम अशी तिन्ही पायऱ्यांवरून गाडी गेली आणि ओसाकाच्या सुंदर खेळाबद्दल दुसऱ्या दिवशी कुणी लिहिलंच नाही. 2020 मध्ये जोकोविचनं रागानं मागे मारलेला चेंडू रेषापंच महिलेच्या गळ्याला लागला. हेतू नव्हता, पायऱ्याही चढाव्या लागल्या नाहीत, थेट स्पर्धेबाहेर. 2025 ला अमेरिकन ओपनच्या पहिल्याच फेरीत मेदवेदेवविरुद्ध बोंझीला मॅच पॉइंट असताना एक छायाचित्रकार कोर्टावर आला, पंचांनी बोंझीला पुन्हा पहिली सर्व्हिस दिली, आणि मेदवेदेवनं प्रेक्षकांना चिथावून सहा-एक मिनिटं खेळ अडवला. तो सेट त्यानं घेतला, पुढचा 6-0 घेतला, आणि पाचवा हरला. रागाचं पेट्रोल दीड सेट पुरलं. दंड 42,500 डॉलर. पुढे आपल्याला दिसला तो बाकावर रॅकेट आपटणारा मेदवेदेव. पण त्याचं खरं वैशिष्ट्य, म्हणजे सर्व्हिस घ्यायला तो जवळजवळ रेषापंचांच्या मांडीवर जाऊन उभा राहतो आणि तिथून सपाट, कमी फिरकीचे फटके खोल टाकत समोरच्याला कंटाळवतो, ते कितीजणांना माहीत आहे? 2021 ला अमेरिकन ओपनमध्ये जोकोविचला त्यानं 6-4, 6-4, 6-4 हरवलं ते याच खेळावर. (चार ग्रँड स्लॅम स्पर्धांपैकी रेषापंच आता पॅरिसमध्येच उरलेत म्हणा. विम्बल्डननंही 2025 पासून यंत्र बसवलं. यंत्रावर ओरडण्यात मजा नसते.)

आजचे दोघे. सिनर लहानपणी स्कीइंगमध्ये तरबेज होता आणि त्याच्या पायांत ते दिसतं: सरकत जाऊन, तोल न सोडता, दोन्ही बाजूंनी सारख्याच वेगानं मारतो. त्याचा चेहरा वाचता येत नाही, पण त्याचा संथपणा म्हणजे खेळाच्या साधेपणाचा परिणाम असं मला वाटतं. त्याला निर्णय कमी घ्यावे लागतात: जोरात, खोल, पुन्हा जोरात. अल्काराझकडे प्रत्येक चेंडूला चार उत्तरं असतात, त्यातलं एक ड्रॉप शॉट (नेटच्या जवळ हळूच टाकलेला चेंडू), आणि ज्याच्याकडे चार उत्तरं त्याचं कधी कधी चुकीचं निवडलं जातं. म्हणूनच तो सामन्याच्या मध्येच वीस मिनिटं हरवतो. हसतमुख म्हणता, 2024 ला सिनसिनाटीत माँफीसविरुद्ध त्यानंही रॅकेटचे तुकडे केले होते आणि नंतर माफी मागितली. 8 जून 2025 ला पॅरिसच्या अंतिम सामन्यात चौथ्या सेटला सिनर 5-3 पुढे, अल्काराझच्या सर्व्हिसवर 0-40, विजेतेपदाचे तीन पॉइंट. अल्काराझनं ते वाचवले आणि 5 तास 29 मिनिटांनी सामना जिंकला. सिनरच्या स्वभावाबद्दल बरेच रकाने भरले. पण पाचच आठवड्यांत विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पहिला सेट हरून त्यानं पुढचे तीन 6-4, 6-4, 6-4 घेतले. त्याच्या थंडपणाचा पुरावा हवा असेल तर तो या पाच आठवड्यांत शोधा, त्या दिवशीच्या चेहऱ्यावर नको.

इंदूरपुरतं एक. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे. हवा थोडी विरळ, चेंडूला अडवणारं कमी, फिरकी खाली ओढायलाही हवा कमी. मुंबई-बडोद्याहून आलेल्या मुलांचे पहिल्या दिवशीचे फटके फूटभर बाहेर जातात आणि ती स्वतःवर चिडचिड करत बसतात. गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारांची ओढ, एक-दोन पाउंड घट्ट करून घेतलं आणि नेटवरून चेंडू थोडा कमी उंचीनं काढला की भागतं. मातीच्या राजाचंही असंच आहे: मातीवर नदालची मोंटे कार्लोत 11 विजेतेपदं, बार्सिलोनात 12, पॅरिसमध्ये 14, आणि साधारण 650 मीटर उंचीवरच्या माद्रिदमध्ये फक्त 4. तिथे त्याचा स्वभाव बदलत होता असं कुणी म्हणणार नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पॉलिएस्टरच्या तारा झपाट्यानं सैल पडतात, तेव्हा महिन्यापूर्वीच्या गटिंगवर फायनल खेळवून वर 'हिला दडपण झेपत नाही' म्हणू नये.

दुसरं भांडणाचं मूळ म्हणजे कुमार स्पर्धांतले रेषेचे निर्णय. एकच अधिकारी तीन-चार कोर्टांवर फिरतो, आपल्या बाजूचे निर्णय खेळाडूनं स्वतः द्यायचे असतात. नियम असा की चेंडू आणि रेष यांत स्पष्ट फट दिसली तरच 'आउट', शंका असेल तर चेंडू आत. सर्व्ह करणाऱ्यानं प्रत्येक पॉइंटआधी गुण मोठ्यानं म्हणायचे. हे दोन नियम पाळले तर निम्मी रडारड वाचते. मुलं गुण पुटपुटतात आणि 30-30 की 40-15 यावर दोन्हीकडचे काका जाळीला चिकटतात.

तेव्हा विनंती एवढीच, की आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी निकालासोबत दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेल्या पॉइंटांची टक्केवारी आणि ब्रेक पॉइंटांचा (समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकायच्या संधींचा) हिशेब द्यावा. स्पर्धांच्या अधिकृत आकडेवारीत दोन्ही तयार मिळतात आणि जेमतेम दोन ओळींची जागा लागते. दडपणाखाली कोण उभं राहिलं ते त्यातून वाचकाला आपोआप दिसेल. फुटलेल्या रॅकेटचा चार कॉलमी फोटो हवाच असेल तर तो छापा, फक्त त्याखाली पुढच्या गेममध्ये काय झालं तेही लिहा.

ता. क. : ग्रँड स्लॅममध्ये 2022 पासून निर्णायक सेटला 6-6 झाल्यावर टायब्रेक 10 गुणांचा असतो, चारही ठिकाणी. पॅरिसच्या त्या अंतिम सामन्यातला टायब्रेक 10-2 होता. '7 गुणांचा' असं वारंवार छापून येतं, ते दुरुस्त व्हावं.

आपला,
एक टेनिसप्रेमी वाचक
राजेंद्रनगर, इंदूर